बंधारा पायथ्यातून का ढासळतो? किनाऱ्याच्या धुपीविषयी वाचकांचे प्रश्न

उधाणात आणि वादळात जाणाऱ्या जमिनीविषयी पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांच्या प्रश्नांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमची माडांची वाडी समुद्राला लागून आहे. साठ मीटर लांबीची चिऱ्याची भिंत सिमेंटात बांधून घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात ती समुद्राकडे कलंडली आणि मागची माती खचली. पुन्हा बांधायची तर काय बदलावं? दगड केवढा लागेल? (देवबाग, ता. मालवण)

उत्तर : उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत फिरते, ती खाली वळून पायथ्याची वाळू उपसते. भिंतीपुढची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, खाली गेली की पाया उघडा पडतो. त्याच वेळी वरून उडालेलं पाणी आणि पावसाचं पाणी मागच्या मातीत मुरतं. त्याला बाहेर पडायला वाट नसली की ते भिंतीला मागून ढकलतं. पुढचा आधार गेलेला आणि मागून दाब, म्हणून भिंत समुद्राकडे कलंडते. अशा बहुतेक भिंती लाटेच्या थेट धक्क्याने पडत नाहीत, पायथ्यातून जातात.

आता दगडाचं वजन. किनाऱ्याजवळ लाटेची उंची पाण्याच्या खोलीने ठरते. लाट साधारण खोलीच्या ०.७८ पट उंच झाली की फुटते. भरतीच्या वेळी बंधाऱ्याच्या पायथ्याशी २ मीटर पाणी असेल, तर तिथे पोचणारी मोठ्यात मोठी लाट साधारण दीड मीटरची. दगडाचं वजन मात्र लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट लागतो. हडसन यांचं सूत्र यासाठी जगभर वापरतात. २.७ घनतेचा काळा दगड, १:२ उतार (१ मीटर उंचीला २ मीटर आडवं) आणि पायथ्याशी फुटणाऱ्या लाटा धरल्या, तर दीड मीटर लाटेला सुमारे ५२० किलोचा दगड येतो, २ मीटरला १,२४० किलोचा आणि ३ मीटरला ४ टनांहून जास्त.

यात वादळाचं पाणी मिळवून पाहा. पायथ्याशी २ मीटर पाणी होतं, वादळाने ते १ मीटर चढलं. लाट १.५६ मीटरवरून २.३४ मीटरवर गेली आणि दगड ६०० किलोच्या आसपास होता तो २ टनांवर गेला. पाणी चढण्याऐवजी पुळण १ मीटर खाली गेली तरी हिशेब हाच. म्हणून बंधाऱ्यापुढची वाळू हीच खरी ढाल. ती गेली की कालपर्यंत टिकलेला दगड उद्या अपुरा पडतो, दगड तोच असला तरी.

जांभ्याचा चिरा इथे चालत नाही. हलका दगड पाण्यात आणखी हलका होतो. जांभ्याची घनता २ धरली, तर ज्या दीड मीटर लाटेला ५२० किलोचा काळा दगड पुरतो, तिला जांभ्याचा जवळपास २ टनांचा दगड लागेल. तेवढा चिरा कोणी काढत नाही. शिवाय लाटांच्या घासण्याने जांभा झिजतो. घराला तो उत्तम दगड आहे, लाटेपुढे नाही.

उतरता बंधारा बांधायचा तर क्रम असा. काम ऑक्टोबरअखेर सुरू करून एप्रिलमध्ये संपवावं. पाया किती खोल, हे मे महिन्याची भरलेली पुळण पाहून ठरवू नये. पुळण सर्वांत खाली असते ती ऑगस्टच्या सुमारास, तेव्हाची पातळी धरावी. त्या पातळीखालीही वाळू जवळजवळ लाटेच्या उंचीइतकी खोल खरवडली जाऊ शकते. तेवढं खणता येत नसेल, तर पायथ्यापुढे दगडांचा रुंद पट्टा टाकावा, म्हणजे खड्डा पडेल तसे ते दगड आपोआप खाली बसतात. पायथ्याची खणाई उधाणाच्या ओहोटीला करावी, तेव्हाच पाणी पुरेसं मागे जातं.

उतार १:२ ला तासून त्यावर न विणलेल्या जातीचं जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देणारं, वाळू अडवणारं) अंथरावं. दोन पट्ट्या एकमेकींवर किमान अर्धा मीटर चढलेल्या हव्यात आणि कापड पायथ्याच्या खाली दुमडलेलं हवं. त्यावर बारीक दगडाचा १५-२० सेंमी थर घालावा, नाहीतर मोठ्या दगडाच्या धारेने कापड फाटतं. पुढचे आकडे २ मीटर लाटेचे आहेत. मग वरच्या दगडाच्या दहाव्या हिश्शाचे, म्हणजे साधारण १२० किलोचे दगड, दोन थर. सर्वांत वर १.२ टनाचे दगड, तेही दोन थरांत, मिळून दीड मीटर जाडी. हे दगड डंपरमधून ओतायचे नाहीत, पोकलेनने एकेक बसवायचे. लांबी जाडीच्या तिपटीहून जास्त असलेला चपटा दगड परत पाठवावा. माथ्यावर किमान तीन दगडांची रुंदी ठेवावी, साधारण सव्वादोन मीटर.

कापड गाळलं की काय होतं, ते कोकणात ठिकठिकाणी दिसतं. दगडांच्या फटींतून मागची वाळू प्रत्येक लाटेबरोबर थोडी थोडी निघते, वर्षभरात माथा खचतो आणि मग "दगड वाळूत गेले" म्हणून वर आणखी दगड टाकले जातात. त्या दगडांचीही तीच गत होते. अंदाजपत्रकात कापडाचा खर्च किरकोळ असतो, तरी काटछाट पहिली त्याच्यावरच होते. पंचायतीने कामावर लक्ष ठेवायचं तर कापड अंथरतात त्या दिवशी हजर राहावं. एकदा दगड चढले की खाली कापड आहे की नाही, हे कुणालाच दिसत नाही.

आता खर्चाचा अंदाज. पायथा ते माथा ५ मीटर उंची धरली तर उताराची लांबी ११ मीटरच्या वर जाते. फटी वजा करून वरच्या दोन थरांनाच एका मीटर लांबीला सुमारे २९ टन दगड लागतो. साठ मीटरला १,७०० टनांहून जास्त, म्हणजे दहा टनी डंपरच्या १७० हून अधिक खेपा. हे एका घराचं काम नाही. आणि एकट्याने केलं तर ते शेजाऱ्याला मारक ठरतं: बंधारा जिथे संपतो, तिथे लाटा वळसा घेऊन पुढची जमीन जास्त खातात आणि शेवटी मागूनही शिरतात. वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीचा ठराव करावा आणि तो पत्तन अभियंत्यांच्या कार्यालयाकडे व महाराष्ट्र सागरी मंडळाकडे न्यावा. सीआरझेड, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र, अधिसूचना २०१९ नुसार धूप रोखण्याची कामं करता येतात, पण परवानगीशिवाय नाही. प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो.

देवबागला आणखी एक बाब आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. मालवण तालुक्यातल्याच तळाशीलचीही जात हीच. अशा ठिकाणी फक्त समुद्राची बाजू दगडाने बांधून भागत नाही. नदीचं मुख सरकलं की खाडीची बाजू सुटते. दोन्ही बाजूंचा एकत्र अभ्यास झाल्याशिवाय मोठ्या कामाला होकार देऊ नये. लाटांच्या प्रतिकृतीवर असा अभ्यास खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात होतो.

प्रश्न : वादळात पाणी नेमकं किती चढतं? निसर्ग आणि तौते वादळांत आमच्याकडे पाणी ज्या खुणेपर्यंत आलं, ती शेवटची खूण समजावी का? (श्रीवर्धन)

उत्तर : ती शेवटची खूण समजू नये. पाणी चढण्याची कारणं तीन, आणि ती एकमेकांत मिसळतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंमी फुगतो. २० ने उतरला तर २० सेंमी. दुसरं कारण वारा. किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी ढकलून साठवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा फुगवटा चौपट होतो, आणि पाणी उथळ असेल तिथे तो जास्त. तिसरं, फुटणाऱ्या लाटा स्वतःच काठावर पाणी चढवून धरतात, त्यांच्या उंचीच्या दहा ते वीस टक्के. हे सगळं त्या वेळच्या भरतीवर चढतं. सगळं मिळून १.२ मीटर चढलं आणि पुळणीचा उतार १:३० असला, तर पाण्याची कड ३६ मीटर आत सरकते. त्यावर लाटांची धाव वेगळी.

निसर्ग ३ जून २०२० रोजी दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आलं. वटपौर्णिमेला दोन दिवस होते, म्हणजे उधाण जवळ होतं. पण त्या दिवशीची भरती सकाळीच होऊन गेली होती आणि वादळ आलं तेव्हा पाणी उतरत होतं. तौते १६-१७ मे २०२१ ला किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं. तेव्हा अक्षय्य तृतीया होऊन दोन-तीन दिवस झाले होते, अमावस्येचं उधाण ओसरत होतं. दोन्ही वेळा वारा जबर होता, पण सर्वांत मोठ्या भरतीची गाठ पडली नाही. तोच वारा पौर्णिमेच्या भरतीला आला तर पाणी त्या खुणेच्या वर जाईल. घराचा जोता, मोटारपंपाची पेटी, होडी ओढून ठेवायची जागा ठरवताना त्या खुणेवर आणखी एक मीटर धरावा, असं आमचं मत आहे.

अंदाज ऐकताना दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून पश्चिमेकडून येणारं वादळ जिथे धडकतं त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो आणि पाणी तिथे चढतं. उत्तरेला वारा जमिनीकडून वाहतो. वादळ दिवेआगरला आलं, तर पाण्याची धास्ती हरिहरेश्वर, केळशी, हर्णैने जास्त बाळगायची. दुसरं, त्या दिवशीच्या भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, त्रयोदशीला पावणेदहाच्या. दक्षिण कोकणात ती थोडी आधी येते. वादळ येण्याची वेळ आणि भरतीची वेळ जवळ आली, तर वाट न पाहता घर सोडावं.

आणि वादळ किनाऱ्याला न लागताही पाणी घरात येतं. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार दूर समुद्रातून पश्चिमेला निघून गेलं, तरी त्याच्या लाटा सिंधुदुर्गात आत शिरल्या. अशा लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था जिल्हावार देते.

प्रश्न : टेट्रापॉड, जाळीतले दगड, वाळूच्या नळ्या, समुद्रात आडवे बांध यांपैकी आमच्या गावासाठी काय मागावं? (ग्रामपंचायत सदस्य, रत्नागिरी तालुका)

उत्तर : टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, एकमेकांत अडकतात म्हणून कमी वजनात काम करतात. पहिल्या उत्तरात २.३४ मीटर लाटेला २ टन दगड लागला, त्याच लाटेला आणि त्याच उताराला सुमारे ९०० किलोचा टेट्रापॉड पुरतो. पण अडकून बसले तरच. वाळूवर नुसते टाकलेले टेट्रापॉड दगडासारखेच रुततात, आणि लाटेत डुलू लागले की पाय मोडतात, कारण त्यांत सळई नसते. त्यांच्याखालीही कापड आणि दगडांचे थर लागतातच. जवळ चांगली काळ्या दगडाची खाण असेल तर दगडच मागा. दुरुस्ती सोपी जाते.

जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन, लाटांच्या पट्ट्यात टिकत नाहीत. आतले दगड हलून तारेवरचा लेप खरवडतात, खारं पाणी तार खातं, आणि मग तुटलेल्या तारा रापणीच्या जाळ्यात आणि पायांत येतात. खाडीच्या आत, लाट नसलेल्या काठाला मात्र ते उपयोगी पडतात.

वाळूच्या नळ्या, म्हणजे जिओट्यूब, कमी खर्चात आणि लवकर होतात. उन्हाने कापड कुजतं, नांगराने किंवा सुरीने फाटतं, आणि एक भोक पडलं की नळी रिकामी होते. वरून वाळूने झाकून, दुसरी संरक्षण फळी म्हणून त्या चालतात. उघड्यावर एकट्या ठेवू नयेत.

आडवे बांध म्हणजे ग्रोयन. ते काठाला समांतर वाहणारी वाळू अडवतात. पण कोकणातल्या बहुतेक पुळणी दोन डोंगरकड्यांच्या मध्ये आहेत. तिथे पावसाळ्यात वाळू काठावरून समोर समुद्रात जाते, तिथे दांडा करून थांबते आणि ऑक्टोबरनंतर परत येते. समोर जाणारी वाळू आडवा बांध अडवू शकत नाही. जिथे वाळू खरोखर एका दिशेने सरकते, त्या खाडीमुखाजवळ तो एका बाजूला पुळण भरतो आणि दुसऱ्या बाजूची उपाशी ठेवतो. दुसऱ्या बाजूला कोणाची वस्ती आहे, हे आधी विचारा.

प्रश्न : खाडीमुखातला गाळ काढतात, तीच वाळू किनाऱ्यावर टाकली तर? (केळवे)

उत्तर : मुखाची वाळू विकायला बाहेर जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, पण दोन अटी आहेत. टाकलेली वाळू मूळ वाळूइतकी किंवा तिच्याहून भरड हवी. चिखलमिश्रित बारीक वाळू पहिल्या पावसाळ्यात निघून जाते. आणि पुरेशी हवी. पुळण १ मीटर पुढे न्यायची तर वाळू फक्त दिसणाऱ्या भागावर पसरत नाही, लाटा तिला पाण्याखालच्या उतारावरही पसरवतात. पाण्यावरचा भाग २ मीटर उंच आणि पाण्याखालचा ६ मीटर खोल धरला, तर १ मीटर रुंदीला प्रत्येक धावत्या मीटरमागे ८ घनमीटर वाळू लागते. एक किलोमीटर किनारा २० मीटर पुढे न्यायचा तर १ लाख ६० हजार घनमीटर. शे-दोनशे डंपर टाकून काही होत नाही.

प्रश्न : सुरूची लागवड करावी का? (दापोली तालुका)

उत्तर : मागच्या बाजूला वारा अडवायला करावी, भरतीरेषेला लागून नको. सुरूची मुळं उथळ पसरतात, पुढची वाळू गेली की झाड उभंच्या उभं पडतं आणि मुळांसकट वाळूचा ढिगारा घेऊन जातं. दाट सुरूखाली वाळू धरणाऱ्या वेली वाढत नाहीत आणि कासवांना अंडी घालायला मोकळी वाळूही उरत नाही.

पुढच्या रांगेत मर्यादवेल लावावी. गाठी असलेले अर्ध्या मीटरचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला, पाणी पोचत नाही अशा जागी, एकमेकांपासून अर्धा ते एक मीटरवर पुरावेत. तिच्यामागे केवडा. वाळू अडवायला नोव्हेंबर ते मे झावळ्यांचं कुंपण उपयोगी पडतं: १ मीटर उंच, आणि निम्मं मोकळं. गच्च कुंपणाच्या पायथ्याची वाळू वारा उडवतो, निम्म्या मोकळ्या कुंपणामागे ती साचते. कुंपण बुडत आलं की त्याच्यावर दुसरं उभं करावं. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर मध्ये मोकळ्या वाटा ठेवाव्यात. वाळूच्या टेकड्या सीआरझेडच्या १-ए वर्गात येतात. सपाटीकरणाची तक्रार त्या आधारावर करता येते.

प्रश्न : उधाणाने खारबंधाऱ्याला खांड पडली, भातशेतीत खारं पाणी शिरलं. बुजवताना दोन्ही बाजूंनी माती टाकत गेलो, पण शेवटच्या दोन मीटरमध्ये सगळं वाहून गेलं. (अलिबाग तालुका)

उत्तर : दोन्ही बाजूंनी आत येत गेलं की वाट अरुंद होते आणि पाण्याचा वेग वाढतो. शेवटच्या टप्प्यात तो सर्वांत जास्त असतो, म्हणून माती तिथेच राहत नाही. खांड बाजूंनी नाही, तळातून बुजवावी.

आधी दोन्ही तोंडं खुंट मारून, गोणी रचून पक्की करावी, म्हणजे खांड रुंदावत नाही. काम भांगाला धरावं, नवमी-दशमीच्या सुमारास, तेव्हा पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते. सगळ्या उघाड्या, म्हणजे बांधातली पाणी सोडायची दारं, मोकळ्या करून आतलं पाणी ओहोटीबरोबर उतरू द्यावं. मग खांडीच्या पूर्ण रुंदीत चिकणमातीच्या गोणींचा सपाट थर टाकावा, त्यावर दुसरा, अशी तळाची पातळी सारखी वर आणावी. शेवटचा भाग एकाच ओहोटीत पुरा व्हायला हवा. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आत-बाहेरचं अंतर असतं, त्यातले हाताशी लागतात जेमतेम पाच-सहा तास. माल हिशेबापेक्षा दीडपट जवळ रचून मगच हात घालावा.

खांडीमागे पाण्याने मोठा खड्डा केला असेल तर त्यावरून बांध नेऊ नये. आतल्या बाजूने अर्धचंद्राकृती वळणबांध घ्यावा. माती लांब लागते, पण तळ पक्का मिळतो. माती १५-२० सेंमीच्या थरांनी घालून चोपावी. खाडीकडचा उतार १:३, शेताकडचा १:२. बसणारी माती धरून माथा दहा-पंधरा टक्के उंच ठेवावा. दरवर्षी मेमध्ये खेकड्यांची बिळं खणून चिकणमातीने ठोकून भरावी. पुष्कळ खांडींची सुरुवात एका बिळातून होते. आणि बांधापुढचे तिवर तोडू देऊ नयेत, लाट बांधापर्यंत पोचण्याआधी त्यांच्यात निम्मी मरते.

शेतातलं मीठ पावसानेच उतरतं. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी शेतात साठवून दोन-तीन दिवसांनी ओहोटीला उघाडीतून सोडावं, पुन्हा भरावं, पुन्हा सोडावं. मातीची विद्युतवाहकता (क्षाराचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली आली की नेहमीचं भात घेता येतं. तोवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या खारपट्ट्यासाठीच्या जाती लावाव्यात.

प्रश्न : किनारा खरंच कायमचा मागे जातोय की दर पावसाळ्यात जातो आणि येतो, हे गावाला कसं कळणार? (गुहागर)

उत्तर : दीड मीटरच्या दोन काठ्या, २ मीटर दोरी आणि एक वही एवढ्यावर कळतं. काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. सुरुवातीचा बिंदू न हलणारा हवा: देवळाचा जोता, जुनी विहीर, पक्क्या रस्त्याचा दगड. तिथून समुद्राकडे, दरवेळी त्याच दिशेने जायचं. एक काठी मागे, एक पुढे, दोरी ताणलेली. मागच्या काठीजवळ उभं राहून पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं. ही रेषा मागच्या काठीला टोकापासून जितके सेंटिमीटर खाली लागते, तितका त्या दोन मीटरमधला उतार. पुढे चढ असेल तर मागच्या काठीच्या टोकावरून पाहून पुढच्या काठीवर वाचायचं. पाण्याच्या कडेपर्यंत असंच जायचं आणि आकडे जोडत न्यायचे.

हे महिन्यातून एकदा, उधाणाच्या ओहोटीला करावं. मे आणि सप्टेंबर यांची एकमेकांशी तुलना करून घाबरू नये, तो फरक दरवर्षीचाच. मेची मेशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी करावी. सलग तीन-चार वर्षं मेमधली पुळण आधीच्या मेपेक्षा खाली दिसली, तर वाळू परत येत नाही हे नक्की. वादळ झालं तर पाणी ओसरताच एक जादा मोजणी घ्यावी. बंधाऱ्याच्या प्रस्तावाला ही वही जोडावी. ऑगस्टची सर्वांत खालची पातळी तिच्यात असते, आणि पाया किती खोल घ्यायचा हे त्याच आकड्यावर ठरतं.